शेजार मराठीचा, नातं तेलुगूशी

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीच्या बाजारात मराठीची झाडीबोली चालते. तिथून पूर्वेला कुरखेडा, धानोऱ्याच्या रानात शिरलं की गोंडी कानावर पडू लागते. धान आणि मोहफुलांच्या व्यवहारात दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींना भेटत आल्या. म्हणून गोंडी ही मराठीचीच एखादी बोली असावी, असा अनेकांचा समज होतो. तो साफ चुकीचा आहे.

झाडीबोली इंडो-आर्यन कुळातली, गोंडी द्रविड कुळातली. दोन, तीन, चार हे आकडे गोंडीत रंड, मुंड, नालुंग. तेलुगूत रेंडु, मूडु, नालुगु. शब्द उसने घेता येतात, पण व्याकरण सहजी हलत नाही. ‘तो आला’ म्हणजे गोंडीत ‘ओर वातोर’. ‘ती आली’ आणि ‘ते आलं’ या दोन्हींसाठी मात्र ‘अद वाता’ हे एकच रूप. तेलुगूतही बाई आली काय, म्हैस आली काय, क्रियापद ‘वच्चिंदि’च.

जिवतीच्या डोंगरातली कोलामीसुद्धा द्रविडच, पण शाखा वेगळी. भाषावैज्ञानिक तिला बस्तरच्या परजीसोबत मध्य-द्रविड गटात ठेवतात, तर गोंडी आणि तेलुगू दक्षिण-मध्य गटात येतात.

जिवंत भाषांचं नातं असं आकड्यांवरून, व्याकरणावरून कळतं; पण भाषा संपल्यावर ते कसं शोधायचं? बाल्टिक समुद्राकाठची जुनी प्रशियन भाषा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला संपली. जर्मन आणि पोलिश भाषांच्या गराड्यात ती विरली आणि 1709 ते 1711च्या प्लेगने उरलेसुरले भाषकही नेले. मागे राहिले सोळाव्या शतकातले तीन धर्मपाठ आणि 1400च्या सुमारास नकललेली 802 शब्दांची एल्बिंग यादी. एवढ्यावरून ती लिथुआनियन आणि लॅटव्हियन भाषांची बहीण ठरली. यादीतला पहिलाच शब्द ‘देयविस’, म्हणजे आपला देव. हजारो किलोमीटरवरची ती भाषा मराठीची दूरची नातेवाईक आहे. शेजारची गोंडी नाही.

2011च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे 29 लाखांहून अधिक होते. तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही आणि इथली गोंडी पोरं शाळेत पहिल्या दिवसापासून मराठीत शिकतात. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019मध्ये स्वतःची गोंडी शाळा सुरू केली. गोंडीचे शब्द 802च्या यादीपुरते उरण्याची वाट न पाहता ते वर्गात, पाटीवर आणि सरकारी पाठ्यपुस्तकात यायला हवेत. बोलणारे लाखो असताना हे काम आजच होऊ शकतं.