मिनीडीव्ही कॅसेटमधलं शूटिंग नव्या कॉम्प्युटरवर कसं घ्याल?

नगरकरांनो, वीस वर्षांपूर्वीची लग्नं, मोहटादेवीची यात्रा, भंडारदऱ्याची सहल अजून कॅसेटमध्येच पडून आहे? मग हे वाचा.

१) कॅमकॉर्डरच्या यूएसबीच्या नादी लागू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये त्यातून फक्त फोटो किंवा हलका व्हिडिओ येतो. टेपवर आहे तसंच चित्र हवं तर फायरवायर. कॅमेऱ्यावर ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ लिहिलेलं चार पिनांचं बारीक पोर्ट, तेच ते.

२) नव्या लॅपटॉपला हे पोर्ट नसतं. डेस्कटॉपमध्ये फायरवायर कार्ड बसवा. फायरवायरला यूएसबी करून देणाऱ्या स्वस्त अडॅप्टरवर पैसे घालवू नका, चालत नाहीत. मॅकओएस २६ मधून तर फायरवायर काढूनच टाकलंय, तेव्हा घरातला जुना मॅक भंगारात देऊ नका.

३) विंडोजवर ‘विनडीव्ही’ हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. तासाच्या कॅसेटला पूर्ण तास लागतो आणि साधारण १३ जीबी जागा.

४) अकोले तालुक्यासारख्या पावसाळी भागातल्या कॅसेट आधी उजेडात बघा. टेपवर पांढरी बुरशी असेल तर कॅमेऱ्यात घालू नका. हेड घाण होतो, पुढच्या कॅसेटलाही लागते.

५) हाय-८ किंवा व्हीएचएस असेल तर एव्ही केबल आणि यूएसबी कॅप्चर कार्ड.

मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवा. व्हॉट्सॲपसाठी एमपी४ वेगळी करा.