साधी गाठ म्हणजे काय? – त्वचेवरील सौम्य वाढी आणि सूक्ष्मदर्शक

(बी. ए. द्वितीय वर्ष)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने कातडीवरच्या गाठींविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्याचे कारण साधे आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरातच काय, गल्लीतही कोणाचा दवाखान्यातला कागद आला की तो आधी माझ्या हातात येतो. कागद इंग्रजीत असतो आणि विचारणाऱ्याचा प्रश्न एकच असतो – 'कॅन्सर तर नाही ना, तेवढं सांग.' शब्दकोशात 'बिनाइन' या शब्दाचा अर्थ 'सौम्य' असा सापडतो. पण गाठ सौम्य आहे हे काय पाहून ठरवले, ते शब्दकोश सांगत नाही. ते कळावे म्हणून मी काही पुस्तके वाचली, आणि वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका मैत्रिणीने मला काचपट्ट्या दाखवून समजावले. जे उमगले ते येथे मांडत आहे.

तीळ, मस, चामखीळ हे शब्द आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतात. तिळावरून नशीब सांगणारेही आपल्याकडे कमी नाहीत. हनुवटीवर तीळ असला तर अमुक, तळहातावर असला तर तमुक! चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधणे, चुना व सोडा लावणे, बिब्ब्याचा डाग देणे, उदबत्तीने जाळणे हे उपाय आजही खेड्यापाड्यांत चालतात. यांपैकी काहींचा 'गुण' येतो असे लोक सांगतात. त्यामागचे रहस्य असे की, चामखीळ विषाणूमुळे होते आणि पुष्कळ मुलांच्या चामखिळी एक-दोन वर्षांत आपोआप जातात. श्रेय मात्र घोड्याला मिळते! बिब्ब्याचे तेल तर कातडी जाळते, फोड आणते आणि कित्येकदा मागे कायमचा डाग ठेवते. पण याहून मोठा धोका वेगळा आहे. आपण जिला चामखीळ समजून जाळतो ती चामखीळच आहे, हे ठरवले कोणी?

प्रथम आपली त्वचा कशी असते ते पाहू. तिचे ढोबळमानाने तीन थर आहेत. वरची बाह्यत्वचा पातळ असते. तिच्या तळाशी पेशींची एक रांग असते. या पेशी सतत विभागतात, वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी मरून कोंड्यासारख्या गळून पडतात. नखांत व केसांत जे केराटिन नावाचे द्रव्य असते तेच त्यांच्यात भरलेले असते. तळच्या रांगेत मधूनमधून रंगपेशी असतात. आपला सावळेपणा त्यांच्या कामामुळे. त्याखाली तंतू, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी व केसांची मुळे असलेली अंतस्त्वचा, आणि सर्वांत खाली चरबीचा थर. यांपैकी कोणत्याही थरातील पेशी जास्त वाढल्या की गाठ, मस किंवा चकती तयार होते. ही वाढ आपली शिस्त पाळत असेल तर ती सौम्य, शिस्त मोडून शेजारच्या भागात घुसत असेल तर ती घातक. सूक्ष्मदर्शकाखाली शोधायची असते ती ही शिस्त.

काढलेला तुकडा लगेच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येत नाही. तो आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. साध्या पाण्यात ठेवला तर पेशी फुगतात, कुजतात आणि सारा पुरावा नाहीसा होतो. पुढे अल्कोहोलने त्यातील पाणी काढून टाकतात, झायलीनमधून नेतात व पॅराफिन मेणात बसवतात. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्राने तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! असा काप काचपट्टीवर घेऊन दोन रंगांनी रंगवतात. हिमॅटॉक्सिलिन हा रंग मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून मिळतो; तो पेशीच्या केंद्रकाला निळा-जांभळा करतो. इओसिन बाकीचा भाग गुलाबी करतो. 'इओस' ही ग्रीकांची उषादेवी. तिच्यावरून या रंगाला नाव मिळाले. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत अशी उषा भेटावी, याचा माझ्यासारख्या साहित्याच्या विद्यार्थिनीला आनंद झाला.

आता एकेक वाढ पाहू.

चामखीळ – बाह्यत्वचा जाड होऊन तिला देवळाच्या शिखरांसारखी टोके आलेली दिसतात. खाली उतरणारी तिची बोटे कडेकडेने आत, मध्याकडे वळलेली असतात. वरच्या थरांतील काही पेशींचे केंद्रक मनुक्यासारखे आकसलेले असते व त्याभोवती रिकामे वलय दिसते. ही विषाणूची खूण. शिखरांच्या पोटात बारीक रक्तवाहिन्या असतात. चामखिळीवर आपल्याला जे काळे ठिपके दिसतात ते 'बी' नसून या वाहिन्यांत गोठलेले रक्त असते.

मस – मानेवर किंवा काखेत देठाला लोंबणारा मऊ मस ही सर्वांत निरुपद्रवी वस्तू. वर साध्या बाह्यत्वचेची पिशवी, आत सैल तंतू आणि दोन-चार रक्तवाहिन्या. लठ्ठ माणसांत व मधुमेहींत असे मस अधिक आढळतात. म्हणून पुष्कळ मस एकदम आले तर ते कापण्याची घाई करण्यापेक्षा रक्तातील साखर तपासावी.

वार्धक्यातील चकत्या – वय झालेल्या माणसांच्या तोंडावर, पाठीवर तपकिरी किंवा काळ्या खरबरीत चकत्या येतात. शेणाची गोवरी भिंतीला थापावी तशी ही चकती वरून थापलेली वाटते. अहवालात तिला 'सेबोऱ्हिक केराटोसिस' म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखालीही ती तशीच दिसते. पेशींची सगळी वाढ वरच्या बाजूला, आणि तळ पट्टीने रेघ मारल्यासारखा सरळ. मधूनमधून केराटिनची गोल वलये असतात. कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी ती दिसतात. चकती कितीही काळी असो, हा सरळ तळ व ही वलये दिसली की तपासणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

तीळ – तिळात रंगपेशींच्या कुळातल्या पेशींची घरटी असतात. आरंभी ही घरटी बाह्यत्वचा व अंतस्त्वचा यांच्या सीमेवर असतात. असा तीळ सपाट व गडद. पुढे काही घरटी खाली उतरतात, तीळ थोडा उचलतो. शेवटी सगळी घरटी अंतस्त्वचेत जातात. मग तीळ फुगीर आणि पुष्कळदा फिकट होतो. या पेशी जसजशा खोल जातात तसतशा त्या लहान होत जातात. नदीच्या वरच्या अंगाला धोंडे आणि खालच्या अंगाला वाळू असावी, तसे. याला पेशींचे 'पक्व होणे' म्हणतात. तिळाच्या दोन्ही बाजूही बहुधा सारख्या असतात. घातक मेलॅनोमात हे सारे बिघडते. एक बाजू दुसरीसारखी नसते, पेशी खाली गेल्या तरी मोठ्याच राहतात, खोलवरही विभागत असतात, आणि काही एकेकट्या वरच्या थरांत चढून विखुरतात.

पायावरची टणक गुंडी – पोटरीवर वाटाण्याएवढी टणक गाठ येते; दोन बोटांत धरून दाबली तर वरची कातडी आत खळगते. तिचे नाव डर्मॅटोफायब्रोमा. अंतस्त्वचेत लांबट पेशी व तंतू एकमेकांत अडकून चटईची वीण विणतात. या रचनेचे वैद्यकीय नावही चटईसाठीच्या लॅटिन शब्दावरूनच आले आहे.

'चरबीची गाठ' – या एका नावाखाली आपल्याकडे दोन वेगळ्या गाठी मोडतात. खरी चरबीची गाठ म्हणजे लायपोमा. तिच्या पातळ वेष्टनात चरबीच्या पेशी दाटीने असतात. तयारीत चरबी विरघळून गेल्यामुळे काचेवर रिकाम्या घरांची जाळीच तेवढी दिसते. दुसरी गाठ कातडीखालच्या पिशवीची. तिच्यातून दह्यासारखा, वास येणारा पांढरा पदार्थ निघतो. लोक त्याला चरबी समजतात. वास्तविक ते साचलेले केराटिन. त्या पिशवीची भिंत म्हणजे आत अडकलेली आपलीच बाह्यत्वचा. नुसता पदार्थ पिळून काढला तर भिंत आत राहते आणि गाठ पुन्हा भरते.

वर पाहिलेल्या साऱ्या वाढींत एक समान गोष्ट आहे. प्रत्येक वाढीला आकार आहे, सीमा आहे. घातक वाढीत सीमा तुटते. पेशी लहानमोठ्या, वेड्यावाकड्या होतात व खालच्या थरांत घुसतात. म्हणून गाठीचा तळ पाहणे फार महत्त्वाचे. तळपायावर होणारा एक कर्करोग वरून हुबेहूब चामखिळीसारखा दिसतो. वरवरचा पापुद्राच तपासणीस गेला तर तो चामखीळ म्हणून सुटू शकतो. डॉक्टर 'थोडा खोल तुकडा घ्यावा लागेल' म्हणतात ते याचसाठी.

या विद्येला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांना भारतातील विकृतिशास्त्राचे जनक मानतात. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळा त्यांनी उभारली. १९४५ साली एका सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या निबंधात त्यांनी लोकांच्या सवयींशी निगडित कर्करोगांचे वर्णन केले. त्यात एक होता कमरेवरचा 'धोतर कर्करोग'. वर्षानुवर्षे त्याच जागी घट्ट धोतर नेसल्याने कातडी आधी काळी पडते, मग जाड होते आणि क्वचित तेथे कर्करोग होतो. पुढे परकराच्या घट्ट नाडीच्या जागीही असे रोगी आढळले. असे रोगी फार विरळ, पण यातला बोध मोठा आहे. कमरेवर काळा वळ आपल्याकडे असंख्य स्त्री-पुरुषांना असतो आणि तो साधाच असतो. त्यांपैकी कोणता साधा नाही, हे सांगण्यासाठी तुकडा तपासावा लागतो.

आणि येथेच आपल्या लोकांची भीती आड येते. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' हे वाक्य मी कितीदा ऐकले असेल! त्वचेच्या बाबतीत तरी या समजाला आधार नाही. रोग वाढतो तो तुकडा काढल्याने नव्हे, उशीर केल्याने. उलट घडते ते असे. आमच्या नात्यातील एका गृहस्थांच्या पाठीवरची गाठ एका ठिकाणी कापली आणि फेकून दिली. वर्षभराने तेथेच पुन्हा गाठ आली. पहिली कशाची होती, हे विचारायला आता काही उरलेच नव्हते. दुसरी तपासली, सुदैवाने ती पिशवीची गाठ निघाली. पण तो अहवाल येईपर्यंतचे दिवस त्या घराने कसे काढले ते मी पाहिले आहे.

प्रत्येक तीळ कापावा असे मुळीच नाही. बहुतेक वाढी अनुभवी डॉक्टर नजरेने ओळखतात आणि त्यांना हात लावण्याचीही गरज नसते. मात्र काही गोष्टी आपण घरोघरी सांगायला हव्यात. एखादी वाढ झपाट्याने वाढू लागली, रंग बदलला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, रक्त येऊ लागले किंवा व्रण भरेना, तर दाखवायला जावे. भारतात मेलॅनोमा विरळा, पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर होतो. आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. चिखलात, पाचटात राबणारे पाय संध्याकाळी धुताना तळवाही एकदा पाहावा. तेथे नवा काळा डाग आला असेल तर त्यावर बिब्बा घालू नये. आधी काही लावले किंवा जाळले असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये, कारण जळलेल्या पेशींचे चित्र बदलते आणि वाचणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते. वय, जागा आणि गाठ किती दिवसांची आहे, हेही नीट सांगावे. आणि शरीरातून काढलेली गाठ कधीही फेकू देऊ नये. 'तपासायला पाठवणार ना?' असे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आपल्या अंबाजोगाईत १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. खेड्यातल्या माणसाला तपासणीसाठी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागू नये, हा अशा संस्थेचा अर्थ. पण दवाखान्याच्या दारापर्यंत माणसाला नेण्याचे काम डॉक्टर करू शकत नाहीत. ते काम ज्यांच्या हातात गल्लीतले कागद येतात त्यांचे, म्हणजे तुमचे-माझे आहे. आपल्यापैकी अनेकजण आपापल्या घरातील पहिलेच शिकलेले आहेत. पुढच्या वेळी कोणी असा कागद घेऊन आले तर नुसते 'साधी गाठ आहे' म्हणून परत पाठवू नये. ती साधी का, हे दोन वाक्यांत समजावून सांगावे. समजलेल्या माणसाची भीती जाते, आणि पुढच्या खेपेला तो घोड्याचा केस शोधत न फिरता वेळेवर दवाखान्यात येतो.