अमेंडेलीय आनुवंशिकता आणि संकरित जोंधळा

‘अमेंडेलीय’ ही संज्ञा निषेधवाचक आहे. तिच्यावरून या प्रकारच्या आनुवंशिकतेस काही नियमच नसावा, असा ग्रह होण्याचा संभव असतो. वस्तुतः तिचा स्वतःचा नियम आहे, आणि तो समजून घेण्यासाठी प्रयोगशाळेतच गेले पाहिजे असे नाही. हातकणंगले तालुक्यातील शिवारात पेरला जाणारा संकरित जोंधळा हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

मेंडेलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार प्रत्येक गुणाचा घटक माता व पिता या दोहोंकडून सारखाच येतो. म्हणून संकरात नर व मादी यांची अदलाबदल केली तरी फलात भेद पडत नाही. १९०० मध्ये मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक असलेल्या कोरेन्सलाच १९०९ मध्ये या समानतेचा अपवाद आढळला. अंगणातील गुलबक्षीची एक जात हिरव्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांची असते. तिच्या हिरव्या फांदीवरील फुलाचे बी हिरवी रोपे देते, पांढऱ्या फांदीवरील बी पांढरी. पराग कोणत्या फांदीचा, याने काही फरक पडत नाही. याचे कारण असे की, हरितद्रव्याचे कण केंद्रकात नसून कोशिकाद्रव्यात असतात, आणि गर्भास ते कोशिकाद्रव्य मातेच्या अंडकोशिकेतून मिळते.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ, असा वाद आहे. तेथे पुरुष बीजस्थानी व स्त्री क्षेत्रस्थानी कल्पिली आहे. हे रूपक येथे अपुरे पडते. माता ही केवळ भूमी नव्हे; निम्म्या बीजाखेरीज आणखी एक स्वतंत्र वारसा तीच देते.

जोंधळ्याच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर असतात. फूल इतके लहान की, संकरासाठी हजारो कणसांतील पुंकेसर हातांनी काढणे अशक्य. १९५४ मध्ये अमेरिकेत स्टीफन्स व हॉलंड यांनी यावर उपाय दाखविला. मायलो जातीची मादी घेऊन तिच्या संततीचा काफिर जातीशी पिढ्यानुपिढ्या संकर केला, तर केंद्रक जवळजवळ सर्वस्वी काफिरचे होते. तरी झाडे नरवंध्य निघतात. उलट दिशेने संकर केल्यास असे घडत नाही. तेव्हा वंध्यत्वाचे मूळ मायलोच्या कोशिकाद्रव्यात, अर्थात त्यातील मायटोकाँड्रियात, असले पाहिजे.

याच आधारावर १९६४ मध्ये भारतात सी.एस.एच.-१ हा पहिला संकरित वाण प्रसृत झाला. त्याची मादी नरवंध्य काफिर ६०, नर आय.एस. ८४. मादी टिकविण्यासाठी तिच्याच केंद्रकाचा, पण निर्दोष कोशिकाद्रव्याचा तिसरा वाण लागतो. नराच्या केंद्रकात मात्र वंध्यत्व दाबून टाकणारे प्रभावी जनुक असते; म्हणून शेतकऱ्याच्या रानात पराग तयार होऊन दाणा भरतो.

पुढच्या पिढीत दोन्ही नियम एकत्र दिसतात. ‘हायब्रीड’ या नावानेच घरोघर ओळखल्या जाणाऱ्या या जोंधळ्याचे दाणे बियाणे म्हणून राखले, तर मायलोचे कोशिकाद्रव्य प्रत्येक रोपात उतरते. परंतु ते दाबणारे जनुक मेंडेलच्या नियमाने विभागले जाते. ते जनुक एकच असेल, तर सरासरी चारांपैकी एक रोप नरवंध्य निघते. शिवाय उंची व पक्वता यांतही मेळ राहत नाही. आपल्या कणगीतील बी वापरण्याचा शेतकऱ्याचा जुना परिपाठ या वाणापुरता येथे खुंटतो, आणि दर हंगामास बियाणे विकत घेणे त्यास भाग पडते.

दुसरा धोका याहून व्यापक आहे. एकाच मातृद्रव्यावर सारे पीक उभे राहिले, तर त्याचे वैगुण्यही साऱ्या पिकात उतरते. १९७० मध्ये अमेरिकेतील बहुसंख्य संकरित मका ‘टेक्सास’ कोशिकाद्रव्याचा होता. पानांवरील करपा रोगाने देशाच्या मक्याचे सुमारे १५ टक्के उत्पन्न बुडाले. जगातील संकरित जोंधळाही मुख्यतः मायलोच्या द्रव्यावरच अवलंबून आहे. सोलापूरकडील मालदांडीत वंध्यत्वकारक असे निराळे कोशिकाद्रव्य सापडले आहे. मात्र त्याचे वंध्यत्व दाबणारे नर वाण थोडेच मिळतात. म्हणून देशी वाणांचा संग्रह करताना मातृपरंपरेची नोंद ठेवणे अगत्याचे आहे. केवळ पराग साठवून हा वारसा जतन होत नाही.