मालमोटारीची बॅटरी आणि आमचा चुकलेला हिशेब

आम्हा धान्याच्या घाऊक व्यापाऱ्यांस पोत्यात हात घातला की दाण्यातील ओल कळते. परंतु ज्या गाडीवर तो माल जातो, तिच्या पोटातील विजेविषयी आपण बहुधा अडाणीच असतो. बॅटरी बसली की नवी आणावी, पावती फाईलला लावावी आणि रक्कम खर्ची टाकावी, एवढेच आपणांस ठाऊक. आमची स्थितीही याहून निराळी नव्हती. ती कशी पालटली, व त्याआधी आमच्या हातून एका माणसावर अन्याय कसा झाला, ते सभासद बंधूंपुढे मांडीत आहोत.

आमच्या पेढीकडे १९९८ सालची टाटा ४०७ आहे. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट या मार्गे साखळी व म्हापसा येथे तांदूळ पोहोचविणे हे तिचे मुख्य काम. इंजिन जुन्या धर्तीचे, डिझेलचा पंप यांत्रिक. त्यामुळे एकदा चालू झाले की ते विजेवाचूनही चालत राहते. हा गुण खरा, पण फसविणारा. बॅटरीत वीज भरणे थांबले तरी गाडी धावतच असते. दिवे मंदावतील तेव्हा कोठे ड्रायव्हरच्या ध्यानात येते.

२०२२ सालच्या आषाढात नेमके तेच घडले. पन्नास किलोची पंचेचाळीस पोती घेऊन गाडी रात्री निघाली. मुसळधार पाऊस, हेडलाईट आणि वायपर अखंड चालू. कणकुंबीच्या पुढे दिवे पिवळे पडले, वायपर रेंगाळू लागले. ड्रायव्हरने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले, ते पुन्हा चालू होईना. सेल्फ नुसता कट्‌कट् आवाज करी. रात्र तेथेच गेली. ताडपत्रीतून पाणी झिरपून सहा पोती भिजली व गोव्यातील गिऱ्हाइकाने ती परत केली.

बॅटरी अवघी नऊ महिन्यांची होती. तिच्या आधीचीही वर्षभरात गेलेली. ड्रायव्हर रात्री केबिनमधील दिवा चालू ठेवून झोपतो, असा आम्ही तर्क केला आणि नव्या बॅटरीची निम्मी किंमत त्याच्या नावे टाकली. तो एवढेच म्हणाला, “सावकार, दिवा मी लावत नाही. पण रात्री मीटरजवळचा तांबडा दिवा बारीक लालसर दिसतो बघा.” आम्ही दिवसा गाडी चालू करून पाहिली, तांबडा दिवा विझलेला. म्हणजे चार्जिंग ठीक, असे मानून आम्ही विषय संपविला.

पुढे एका वृद्ध वायरमनने गाडी पाहिली. त्याने प्रथम पाना नव्हे, मीटर काढला. त्या दिवशी जे शिकलो ते असे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा खण असतात. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजल्यास भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखविते, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी समजावी. इंजिन चालू केल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.४ पर्यंत चढावयास हवा. चढला नाही तर वीज भरली जात नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलेला असून बॅटरीतील पाणी उकळून आटणार. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी थकलेली आहे किंवा पुरती भरलेली नाही. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटर बुडवून पाहणेही चांगले: भरलेल्या खणात घनता १.२६ ते १.२८ असते, आणि एकच खण बाकीच्यांहून पुष्कळ खाली असेल तर ती बॅटरी गेलीच म्हणावे.

आमच्या गाडीत सकाळी १२.१ आले. इंजिन चालू केल्यावर बॅटरीपाशी १३.१, दिवे व वायपर लावताच १२.३. कोणीही म्हणाला असता, आल्टरनेटर गेला. आधीच्या एका मेकॅनिकने तेच सांगून त्याचे ब्रश बदलले होते व पैसे घेतले होते. म्हाताऱ्याने मात्र तीच मोजणी खुद्द आल्टरनेटरच्या टर्मिनलपाशी केली. तेथे १४.३! माल तयार होत होता, पण गोदामात पोहोचत नव्हता. वाटेत कोणी तरी जकात घेत होते.

ती कोठे, हे शोधण्याची युक्ती आम्हांस फार आवडली. इंजिन चालू असता मीटरचे एक टोक आल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलवर आणि दुसरे बॅटरीच्या अधिक खांबावर ठेवावयाचे. तार निर्दोष असेल तर फरक जेमतेम ०.२ येतो. आमच्याकडे १.१ आला. ऋण बाजूस, म्हणजे आल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण खांबापर्यंत, ०.१ इतकाच. म्हणजे अर्थिंग ठीक, दोष चार्जिंगच्या तारेत. तारेवरून हात फिरवीत म्हातारा एका काळ्या टेपपाशी थांबला. ती जागा गरम होती. गाडी बंद करून टेप सोडली तो आत पिळून जोडलेले तांबे हिरवे पडून त्याची भुकटी झालेली.

तो जोड आमचाच. तीन वर्षांपूर्वी गोदामात उंदरांनी तार कुरतडली तेव्हा नवी तार घालण्याऐवजी “जोड मारून टाक” असे आम्हीच सांगितले होते. तांबडा दिवा रात्री लालसर का दिसे, हेही उलगडले. त्या दिव्याच्या एका बाजूस आल्टरनेटर व दुसऱ्या बाजूस बॅटरी. दोन्हींत एक-दीड व्होल्टचा फरक, म्हणून तार किंचित तापे. दिवसाच्या उजेडात ते दिसणार कसे? अर्धपोटी राहून दोन्ही बॅटऱ्यांच्या पट्ट्यांवर सल्फेट जमले आणि त्या अकाली गेल्या. ड्रायव्हरचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

नवी जाड तार घातली, बॅटरीपाशी १४.२ आले. कापलेली रक्कम आम्ही त्याच्या खात्यास परत जमा केली आणि गोदामात हमालांसमक्ष चूक कबूल केली. हमालांच्या देखतच तो पूर्वी बोल खाऊन गेला होता, म्हणून.

एक धोक्याची सूचना. चार्जिंग पाहण्यासाठी चालू गाडीत बॅटरीची तार काढण्याची जुनी खोड काही जणांस आहे. डायनामोच्या काळात ते खपले. आल्टरनेटरमध्ये त्याने डायोड जळतात. तसेच चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ विडी-काडी नको, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.

आता साधा मीटर काट्याशेजारी खिळ्याला टांगलेला असतो व दर रविवारी ड्रायव्हर आकडे वहीत टिपतो. उंदीर मात्र अद्याप गोदामात आहेत. त्यांना मारण्याचा उपाय आमच्या पेढीत चालत नाही, म्हणून तार तेवढी लोखंडी नळीतून नेली आहे.