कुंपण, कालवा आणि दोन उत्तरं
(लेखमाला : पायथनच्या पाटीवर गणित, लेखांक ६)

पारशिवनी तालुक्यात पेंच नदी अडवून नवेगाव खैरीचा जलाशय झाला. नागपूरच्या नळांना इथलं पाणी जातं, कालवे वावरांच्या कडेनं वाहतात. जंगल जवळ, म्हणून रोही-रानडुकरांपासून पीक राखायची कटकट रोजचीच. या आठवड्याचं गणित तिथलंच. १०० मीटर जाळी आहे. कालव्याला लागून आयताकृती तुकडा उरलेल्या तीन बाजूंनी बंद करायचा. (डुक्कर कालवा पोहून येत नाही, असं गणितापुरतं धरू.) रुंदी क्ष, तर लांबी १०० − २क्ष. क्षेत्रफळ ८०० चौरस मीटर हवं, तर क्ष किती?

पायथनच्या सिमपाय या गणिताच्या लायब्ररीत 'सिंबल्स'नं क्ष जाहीर करा, 'ईक्यू'ला क्षेत्रफळाची राशी आणि ८०० स्वल्पविराम देऊन द्या, मग सगळं 'सॉल्व्ह'कडे सोपवा. बरोबरचं साधं चिन्ह इथे चालत नाही. पायथन त्याचा अर्थ 'ही किंमत या नावाला दे' एवढाच घेतो. गुणाकाराची चांदणीही गाळू नका. चलाला नाव खुशाल 'रुंदी' द्या, पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात. सूत्रातले आकडे मात्र इंग्रजीच हवेत.

उत्तर येतं १० आणि ४०. वर्गसमीकरणाच्या शाब्दिक उदाहरणात एक उत्तर ऋण निघतं आणि आपण ते खोडतो, अशी दहावीपासूनची सवय. इथे खोडायला काहीच नाही. १० बाय ८० चा लांबट पट्टा आणि ४० बाय २० चा तुकडा, दोन्ही ८०० चेच. हे असं का, ते 'सॉल्व्ह' सांगत नाही. त्यासाठी आलेख काढावाच लागतो, आणि माझ्या मते तो उत्तराच्या आधीच काढावा.

आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबला बिंदू पुरवायला नमपायचं 'लिनस्पेस' वापरू. ० ते ५० मध्ये ६ बिंदू मागून बघा. क्षेत्रफळं येतात ०, ८००, १२००, १२००, ८००, ०. म्हणजे माथा सपाट, कुणी टेकडी वरून छाटल्यासारखा. शिखर खरं तर क्ष २५ असताना १२५० वर आहे, पण ते २० आणि ३० च्या मधे हरवलं. बिंदू २०० करा, वक्र गोलाई घेतो. आता ८०० वर आडवी रेघ मारा. ती वक्राला चढताना एकदा छेदते, उतरताना एकदा. दोन उत्तरं ती हीच. अक्षांना मराठी नावं द्यायची तर देवनागरी फॉन्ट सांगावा लागतो, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात.

रेघ १००० वर न्या. सिमपाय २५ मधून ५√५ वजा करून एक उत्तर देतं, मिळवून दुसरं. गणिताला ते नेमकं, पण मोजपट्टीला १३.८२ आणि ३६.१८ हवं, 'एन' हे फलन तेवढं करून देतं. १३०० मागितलं की २५ ± ५आय येतं. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत, वास्तव मुळं नाहीत. आलेखात रेघ शिखराच्या वरूनच निघून जाते. १०० मीटर जाळीत एवढं वावर मावतच नाही.

पुढच्या आठवड्यापर्यंत एवढं करून ठेवा : त्याच जाळीतून मधोमध, रुंदीइतकंच आणखी एक कुंपण घालून दोन वाफे पाडा. लांबी आता १०० − ३क्ष. शिखर किती डावीकडे सरकतं आणि किती बसतं, ते आधी आलेखात बघा, मग 'सॉल्व्ह'ला विचारा.