रुमालातला कागद

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या शिरूरच्या घरी माळ्यावरून पत्र्याची एक जुनी ट्रंक खाली आली. तिच्यात दोन वस्तू शेजारी शेजारी निघाल्या. एक आजोबांचे १९३० च्या सुमाराचे छापील पुस्तक, आणि दुसरे, लाल रुमालात बांधलेले मोडी कागदांचे पुडके. पुस्तकाचे पान उलटायला गेलो, तो त्याचा कोपरा पापडासारखा मोडून हातात आला. दीडशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद मात्र सुखाने उलगडला. शाई काळीभोर, घडीवर चीर नाही!

"बाबा, हा कागद कुणी केला?" नववीतल्या मुलीने विचारले.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. वळण कोणते, भाषा कोणत्या काळातली, हे मी घडाघडा सांगितले असते. पण कागद कुणी केला हा प्रश्न वीस वर्षांच्या मास्तरकीत मला एकदाही पडला नव्हता. खरे सांगतो वाचकहो, शरम वाटली.

शोधायला फार लांब जावे लागले नाही. ज्या कुकडीचे पाणी आमच्या घोडनदीला मिळते, तिच्याच काठी जुन्नरला कागद होत असे. जुन्नरी कागदाला पेशवाईत मोठा मान होता. पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा आणि दौलताबादेजवळचे कागजीपुरा ही नावे याच धंद्याची. कागदी लोक जुनी गोणपाटे तोडून भिजवीत, चुन्यात मुरवीत, ढेकीने कुटीत, नदीत धूत. आणि हे पुनःपुन्हा. मग हौदातल्या लगद्यातून चाळणीवर एकेक ताव उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, खळ लावून दगडाने घोटायचा.

या विद्येचे माहेर चीन. इ. स. १०५ मध्ये त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने साली, चिंध्या आणि जुनी जाळी कुटून केलेला कागद बादशहापुढे ठेवला. समरकंद, बगदाद अशी मजल मारीत हा हुन्नर पुढे मुसलमान कारागिरांच्या हातांनी आपल्याकडे आला. कागद, छपाई, बंदुकीची दारू, होकायंत्र हे सारे चीनने जगाला दिले. मग तोच देश मागे का पडला? जोसेफ नीडहॅम या इंग्रज पंडिताने या कोड्यासाठी हयात वेचली. त्याच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९५४ साली निघाला.

मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. १६३७ साली सुंग यिंगशिंग याने कागदासकट सगळ्या कारागिरीचे सचित्र पुस्तक लिहिले. या पुस्तकाचा सरकारी परीक्षेला काही उपयोग नाही, असे त्याने स्वतःच प्रस्तावनेत बजावले. आणि झालेही तसेच! परीक्षांच्या मागे लागलेल्या त्याच्या देशात ते जवळजवळ विसरले गेले. जपानात छापून टिकले, आणि विसाव्या शतकात परत घरी आले.

आपल्याकडे तर तेवढेही झाले नाही. पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत. वसूल आहे, लढाया आहेत, मेजवान्या आहेत. पण ज्या कागदावर हे लिहिले, त्याची कृती लिहून ठेवावी असे कुणा कारकुनाला वाटले नाही. लिहिणारा कागद घोटणाऱ्याच्या उंबऱ्यावर गेला नाही, आणि घोटणाऱ्याची विद्या बापाकडून मुलाकडे, हातातल्या हातातच राहिली. गिरणीचा स्वस्त कागद आला तेव्हा कागदी एकटा पडला. त्या कागदातल्या तुरटीचे आम्ल पान आतून खाते आणि जुन्नरी कागदातला चुना त्याला राखतो, हे सांगणारा रसायनज्ञ त्याच्या शेजारी कुणी नव्हता. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली, तोवर बरेच हौद कोरडे पडले होते.

आजोबांचे पुस्तक आता मी उघडत नाही. मोडीचे एक पान मात्र परवा वर्गात नेले. मुले अक्षर लावू लागली. म्हटले, "थांबा. ते मागाहून. आधी सांगा, हा कागद कुणी केला?"