आधी हिशेब, मग पाया





मुलींच्या नव्या वसतिगृहासाठी आम्ही आवाहन केल्यावर अनेकांची पत्रे आणि फोन आले. एका मंडळीच्या खजिनदारांनी अगदी सरळ विचारले, "तुमच्या अंदाजपत्रकात आर्किटेक्टची फी वेगळी आणि क्वांटिटी सर्व्हेअरची फी वेगळी दाखवली आहे. तेवढ्या पैशांत आणखी एक खोली झाली असती. तुमच्याकडे मिस्त्री आहेत, ठेकेदार आहे. मग ही दोन माणसे कशाला?"

प्रश्न रास्त आहे. देणगीचा प्रत्येक रुपया कुणाच्या तरी कष्टाचा असतो. बारा वर्षांपूर्वी आमच्या समितीत मी स्वतः हाच प्रश्न विचारला होता आणि सर्वांनी माना डोलावल्या होत्या. त्याचे उत्तर आम्हाला पुढे मिळाले, पण फार महागात. म्हणून हा लेख.

आमचे काय चुकले

सातपुड्याच्या पायथ्याशी आमचे पहिले वसतिगृह बांधायचे ठरले, तेव्हा आमच्याकडे कागदावर काढलेला एक चौकोन होता आणि ठेकेदाराने सांगितलेला चौरस फुटाचा दर होता. दर गुणिले क्षेत्रफळ, एवढाच आमचा हिशेब. नकाशा नाही, साहित्याची यादी नाही. करारनामा दीड पानांचा.

जमीन काळ्या मातीची निघाली. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया ठरल्यापेक्षा बराच खोल न्यावा लागला. जादा कामाचा दर करारात नव्हता, म्हणून ठेकेदार म्हणेल ती रक्कम दिली. नंतर दर पंधरवड्याला "सिमेंट आणायचे आहे", "मजुरांचा बाजार आहे" असे निरोप येत आणि मी चेकवर सही करी. किती काम झाले हे कुणी मोजत नव्हते. भिंती लिंटेलच्या वर गेल्या, कॉलमच्या सळया आकाशाकडे उभ्या राहिल्या आणि पैसे संपले.

मुंबईच्या एका मंडळीतील निवृत्त क्वांटिटी सर्व्हेअर तेव्हा आमच्याकडे आले होते. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी दोन दिवस टेप लावून मोजले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही शंभरातले पंच्याऐंशी रुपये दिलेत. जागेवर काम साठ रुपयांचे आहे." ठेकेदाराने फसवले असे मी आजही म्हणणार नाही. आमचे पैसे त्याने दुसऱ्या कामात फिरवले, कारण फिरवू नको असे सांगणारा कागदच नव्हता.

त्या सळया तीन पावसाळे गंजत राहिल्या. मुली चर्चच्या हॉलमध्ये झोपत. दुसऱ्या पावसाळ्यात छप्पर गळू लागले, तेव्हा दूरच्या पाड्यावरचा एक बाप आपल्या मुलीला घेऊन गेला. ती सातवीत होती. ती परत आली नाही. अर्धवट इमारतीचा खरा खर्च विचारला की मला तीच आठवते.

आर्किटेक्टचे काम

आर्किटेक्ट म्हणजे नकाशा काढून देणारा माणूस, असा आपला समज असतो. नकाशा हा त्याच्या कामाचा एक भाग आहे. पहिले काम ऐकून घेण्याचे. इमारत कोण वापरणार, कितीजण, कसे, पुढे वाढ होणार का, पैसे किती आहेत, हे तो विचारतो. मग जागा पाहतो. उतार कुठे, पाणी कुठून वाहते, विहीर कुठे, वारा आणि ऊन कुठून, हे सगळे त्याच्या आराखड्यात उतरते. त्यानंतर परवानगीसाठीचे नकाशे, प्रत्यक्ष बांधकामासाठीचे तपशीलवार नकाशे, निविदेची कागदपत्रे, आणि काम सुरू झाल्यावर ते नकाशाप्रमाणे होते की नाही यावर देखरेख.

आपल्या देशात 1972 च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच आर्किटेक्ट ही उपाधी लावता येते. म्हणून नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये. इमारतीचा भार पेलण्याचे गणित, म्हणजे पाया किती खोल, कॉलम केवढा, सळई कोणती, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरचे काम. आर्किटेक्ट त्याच्याबरोबर काम करतो. आधी चाचणी खड्डे खणून माती पाहिली असती, तर आमची काळी माती पहिल्याच आठवड्यात कळली असती.

या वेळी आमच्या आर्किटेक्ट ताई नकाशा काढण्याआधी मुलींच्या आयांना भेटल्या. पावरी बोलणाऱ्या आया आणि शहरातल्या ताई यांच्यामध्ये आमच्या वॉर्डनबाई दुभाषी. एक आई म्हणाली, "रात्री पोरीला अंगण ओलांडून संडासला जायला लागू नये." दुसरी म्हणाली, "आम्ही चार तास चालून भेटायला येतो, त्याच दिवशी परत कसं जाणार? निजायला जागा द्या." माझ्या मनात या दोन गोष्टी बारा वर्षांत आल्या नव्हत्या. नव्या नकाशात स्वच्छतागृह आतल्या व्हरांड्याला जोडलेले आहे आणि पुढच्या बाजूला पालकांसाठी रुंद, झाकलेला ओटा आहे.

क्वांटिटी सर्व्हेअरचे काम

काय बांधायचे हे आर्किटेक्ट सांगतो. ते बांधायला काय काय, किती आणि कितीला लागेल हे क्वांटिटी सर्व्हेअर सांगतो. इंग्लंडमध्ये हा स्वतंत्र आणि जुना पेशा आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स या संस्थेची सुरुवात 1868 सालची. आपल्याकडे हे काम बहुधा सिव्हिल इंजिनिअर करतो आणि साइटवर त्याला बिलिंग इंजिनिअर म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. 600 चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब टाकायचा आहे. त्याला सुमारे 7 घनमीटर काँक्रीट लागते. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी या प्रमाणात घनमीटरला साधारण 8 गोणी सिमेंट धरतात. म्हणजे 56 गोणी सिमेंट, एक ब्रासच्या आसपास वाळू आणि दोन ब्रासहून थोडी जास्त खडी. आता ठेकेदाराने 90 गोण्यांचे बिल लावले तर विचारता येते, आणि 35 गोण्यांत स्लॅब टाकला तर जास्त काळजीने विचारता येते! सळईचेही तसेच. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून त्याला 162 ने भागले की एका मीटरचे वजन किलोत मिळते. 12 मिलिमीटरची सळई मीटरला साधारण 0.89 किलो भरते. हे गणित आमच्या दहावीच्या मुलींनीही वहीत करून पाहिले.

असा हिशेब पाया, जोते, भिंत, प्लास्टर, दारे, फरशी अशा प्रत्येक बाबीचा होतो. त्या यादीवर सर्व ठेकेदारांकडून दर मागवले की तुलना खरी होते. नुसत्या चौरस फुटाच्या दरात एकाने दारे धरलेली असतात, दुसऱ्याने नसतात. स्वस्त कोण, हे कळतच नाही.

काम चालू असताना तो मोजमाप घेतो. भिंतीच्या मापातून दार-खिडक्या कशा वजा करायच्या यालाही नियम आहेत. भारतीय मानक 1200 त्यासाठीच आहे. मोजमापावरून बिल तपासले जाते, आर्किटेक्ट कामाचा दर्जा पाहून प्रमाणपत्र देतो आणि मगच चेक निघतो. जादा कामाचा दर आधी लेखी ठरतो. प्रत्येक बिलातून आम्ही या वेळी पाच टक्के अनामत ठेवणार आहोत. एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, गळती नसेल तर ती परत करायची.

यात एक साधे तत्त्व आहे. काम करणारा, ते मोजणारा आणि पैसे देणारा, ही तीन वेगवेगळी माणसे असावीत. कुणावर अविश्वास म्हणून नव्हे. प्रामाणिक माणसावरही उगाच बोट उठू नये म्हणून.

फी वसूल होते का?

काकांनी पहिला कच्चा अंदाज काढला तेव्हा तो आमच्याजवळच्या रकमेपेक्षा बराच वर गेला. पूर्वी हे आम्हाला भिंती अर्ध्या झाल्यावर कळले असते. या वेळी ते कागदावर कळले, आणि कागद खोडता येतो. ताई आणि काका एकत्र बसले. वरचा मजला पुढे ढकलला, पण त्याचा भार पेलेल असा पाया आताच धरला. स्वयंपाकघरावर स्लॅबऐवजी मंगलोरी कौले घेतली. मुलींच्या झोपण्याच्या खोल्यांतला एक फूटही कमी केला नाही. कुठे कापायचे आणि कुठे कापायचे नाही, हे ठरवण्यासाठीच ही दोन माणसे लागतात.

मिशनच्या कामात याचे एक मोठे उदाहरण आहे. लॉरी बेकर हे इंग्लंडचे आर्किटेक्ट 1945 साली कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या मिशनच्या इमारती पाहण्यासाठी भारतात आले आणि इथलेच झाले. हिमालयात पिठोरागडला व नंतर केरळमध्ये त्यांनी स्थानिक साहित्य आणि स्थानिक गवंडी घेऊन कमी खर्चाची, टिकाऊ घरे बांधली. विटा उभ्या लावून आत पोकळी ठेवणारी रॅट ट्रॅप पद्धत त्यांनी रुजवली. तिच्यात विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि घर थंड राहते. स्वस्त बांधणे म्हणजे कच्चे बांधणे नव्हे, हे त्यांच्या कामाने दाखवले.

आपल्या घरकुलासाठीही

आपले आदिवासी बांधव पिढ्यान्‌पिढ्या सागाचे खांब, बांबूचे कूड आणि कौले यांचे घर गाव मिळून उभे करत आले. त्या घराचा हिशेब त्यांच्या हाताला माहीत आहे. सिमेंट-सळईच्या घराचा मात्र नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी किमान 25 चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे 270 चौरस फुटांचे घर धरले आहे आणि पैसे टप्प्याटप्प्याने हप्त्यांत मिळतात. एवढ्या घराला कुणी क्वांटिटी सर्व्हेअर नेमणार नाही. पण चार गोष्टी प्रत्येकाला करता येतील. ठेका देण्याआधी कामांची यादी लिहून घ्या. जेवढे काम, तेवढेच पैसे द्या. आलेल्या गोण्या आणि सळया वहीत लिहा. दिलेल्या प्रत्येक रकमेवर सही घ्या. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला लिहायला सांगा.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला आहे. थिऑलॉजीच्या वर्गात आम्ही तो शिष्यत्वाची किंमत म्हणून शिकलो, आणि त्याचा अर्थ तोच आहे. पण तो अर्थ ज्या साध्या गोष्टीवर उभा आहे, ती मी वर्गात पाहिली नव्हती. बांधणारा आधी बसतो आणि खर्च मोजतो. पाया घालून काम अडले की लोक हसतात. आम्हाला लोक हसले त्याचे दुःख मला नाही. एक मुलगी घरी गेली त्याचे आहे.

खजिनदार साहेब, त्या दोन रकमांचे उत्तर हे असे आहे. नकाशा, यादी आणि अंदाजपत्रक आमच्या कार्यालयात आहे. आपण कधीही या, पाहा, प्रश्न विचारा. आपल्या मंडळीत कुणी सिव्हिल इंजिनिअर असतील आणि महिन्यातून एक दिवस मोजमापाला देऊ शकत असतील, तर तेही आम्ही दानच समजू. पावसाळा संपताच चाचणी खड्डे खणायचे आहेत. त्यासाठी आणि आमच्या मुलींसाठी प्रार्थनेत आठवण ठेवावी, ही विनंती.